आठ एमबीचा संसार

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

मलकापूर म्हटलं की लांबचे लोक हमखास विचारतात, "बुलढाण्याचं का?" मग सांगावं लागतं, नाही हो, आमचं मलकापूर सातारा जिल्ह्यातलं. कराडला लागून असलेलं, पुणे-बंगळूर महामार्गावरचं. कोल्हापूर जिल्ह्यात शाहूवाडीकडंही एक मलकापूर आहे. तेही हे नव्हे. नाव एक आणि गावं अनेक, म्हणून पत्र नीट पोचायचं तर पत्ता पुरा लिहावा लागतो.

आज ज्या विषयावर बोलायचं आहे, त्याचं मूळही या पत्त्यातच आहे. संगणकाची मेमरी म्हणजे घरांची एक लांबलचक आळी. प्रत्येक घराला क्रमांक, आणि प्रत्येक घरात एखाद्या अक्षरापुरतीच जागा. क्रमांक लिहायला जितके आकडे हाताशी, तितकीच घरं. दोन आकडीच क्रमांक लिहिता येत असतील, तर शंभरापुढं घर बांधून उपयोग नाही. पोस्टमन तिथं पोचणारच नाही. घरगुती संगणकाचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी या मोजक्या घरांत संसार कसा रेटायचा, याचाच इतिहास आहे.

त्या संसाराची चव मी स्वतः घेतली आहे. 1999 साली कराडातल्या एका डीटीपीवाल्यानं नवा संगणक घेतला आणि जुना विकायला काढला. तो मी घेतला. 486 प्रोसेसर, विंडोज 95 आणि रॅम 8 एमबी. आजच्या मोबाइलवर काढलेला एखादा फोटोसुद्धा तेवढ्यात धड मावायचा नाही. घरात सगळ्यांनी विचारलं, "कविता लिहायला कागद पुरत नाही का?" कवितेला कागद पुरत होता. संगणक घेतला तो अम्मासाठी. अम्माला जात्यावरच्या ओव्या येत होत्या. आमच्या भागातल्या मुसलमान घरांतल्या बायकाही शेजारणींबरोबर जात्याला बसत आणि मराठीतच ओवी गात. तिच्याबरोबरच्या एकेक बाया जायला लागल्या होत्या. त्या ओव्या नीट टाइप करून ठेवाव्यात, एवढाच बेत होता.

एका संध्याकाळी अम्मा सांगत होती आणि मी टाइप करत होतो. दोन तास झाले आणि लाईट गेली. तेव्हा ते रोजचंच होतं. लाईट आली, संगणक सुरू केला, तर फाईल कोरी. मधे एकदाही सेव्ह केलं नव्हतं. अम्मा जवळ येऊन पडद्याकडं बघत म्हणाली, "तुझ्या मशीनच्या ध्यानात न्हाई ऱ्हायलं व्हय रं?" मी म्हटलं, "लाईट गेली की ते सगळं विसरतं." ती म्हणाली, "मग आमचं बरं. आमाला लाईट लागत न्हाई." तिनं पुन्हा सांगितलं. पण ओवी पुन्हा म्हणताना बदलते. त्या संध्याकाळच्या काही ओव्या तशाच्या तशा परत आल्या नाहीत, हे मला तेव्हाही कळत होतं.

संगणकाला दोन प्रकारची साठवण लागते, हा पहिला धडा मला असा मिळाला. हार्ड डिस्क म्हणजे धान्याचं पोतं. लाईट असो नसो, त्यातलं धान्य जागेवर राहतं. रॅम म्हणजे जात्याचं तोंड. दळायचं ते तिथूनच जातं, पण मावते ती मूठभर वैरण. पोतं शंभर किलोचं असलं म्हणून जात्याचं तोंड मोठं होत नाही. एकदम जास्त वैरण घातली की जातं जड होतं आणि पीठ भरड पडतं. मेमरी सांभाळणं म्हणजे कोणती मूठ कधी घालायची, ते ठरवणं.

हा प्रश्न घरगुती संगणकाच्याही आधीचा आहे. भारतात आराखड्यापासून बांधलेला पहिला मोठा संगणक मुंबईतला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेतला. 1960 मध्ये तो रीतसर कामाला लागला आणि 1962 मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं टिफरॅक असं नामकरण केलं. त्याच्या मेमरीत 40 बिटांचे 2,048 शब्द मावत. एका बिटाला फेराइटचं एक बारीक कडं, आणि त्या कड्यांतून ओवलेल्या तारा. गुणाकार केला तर 81,920 बिटं होतात; आजच्या मापात 10 केबी. आज मी जे बोलतोय, त्याचं एकेक अक्षर एकेका घरात बसवलं तरी हे भाषण टिफरॅकच्या मेमरीत पुरतं मावलं नसतं. आणि अशा यंत्रावर शास्त्रज्ञ गंभीर गणितं करत होते. गणिताचे तुकडे करायचे, एक तुकडा संपला की त्याची जागा दुसऱ्याला द्यायची, हे त्यांना स्वतःच ठरवावं लागे.

ही कटकट यंत्रावरच सोपवायची युक्ती त्याच सुमारास इंग्लंडात निघाली. मँचेस्टर विद्यापीठातला अॅटलस हा संगणक 1962 च्या डिसेंबरमध्ये सुरू झाला. त्याची वेगवान मेमरी 16 हजार शब्दांच्या आसपास होती, आणि शेजारी 96 हजार शब्दांचं संथ चुंबकीय पिंप. अॅटलसनं दोन्ही मिळून एकच मोठी मेमरी असल्याचा देखावा उभा केला. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं पत्ता द्यायचा. त्या पत्त्यावरचा मजकूर वेगवान मेमरीत नसेल तर यंत्र स्वतःच पिंपातून उचलून आणी आणि न लागणारा मजकूर परत तिकडं ठेवी. यालाच आज आपण व्हर्च्युअल मेमरी म्हणतो. तुमच्या-माझ्या संगणकात हीच युक्ती आजही चालू आहे. पिंपाच्या जागी डिस्क आली, एवढंच.

पण घरात आणि शाळेत आलेल्या पहिल्या संगणकांना ही चैन नव्हती. 1984-85 मध्ये केंद्र सरकारनं 'क्लास' नावाच्या योजनेतून निवडक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक दिले. त्याची मेमरी 32 केबी. त्यातही बारीक ठिपक्यांची चित्रं दाखवायची म्हटलं, तर एकटा पडदाच 20 केबी खाऊन टाकी. विद्यार्थ्याच्या प्रोग्रॅमला उरलेल्या 12 केबीतही पूर्ण हक्क नसे. मग प्रोग्रॅममधल्या टिपा काढायच्या, नावं आखूड करायची. काटकसर ही अभ्यासक्रमात नव्हती, पण मुलं ती शिकून गेली.

याच काळात कचेऱ्यांतून आयबीएमच्या धर्तीचे पीसी येऊ लागले. मूळ आयबीएम पीसी 1981 चा. त्याच्या प्रोसेसरला पत्ता लिहायला 20 बिटं होती, म्हणून घरं 1 एमबी. त्याच्या पुढं पोस्टमन जाणार नाही. त्यातली वरची 384 केबी पडदा आणि यंत्राच्या अंतर्गत कामासाठी राखून ठेवलेली. वापरायला उरली 640 केबी. तेव्हा ती ऐसपैस वाटली. पण पाच-सात वर्षांत हिशेबाचे तक्ते आणि माहितीचे साठे एवढे वाढले, की 640 केबीची भिंत सगळ्यांना टोचू लागली. बाजारात जास्त मेमरीच्या चिपा मिळत होत्या. अडचण होती पत्त्याची.

मग सुरू झाली भिंतीला खिडक्या पाडण्याची धडपड. 1985 मध्ये लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट या तीन कंपन्यांनी मिळून एक रीत ठरवली. राखीव भागात 64 केबीची एक खिडकी ठेवायची आणि बाहेरच्या मोठ्या मेमरीचा हवा तो तुकडा त्या खिडकीपाशी आणून वाचायचा. पुढं 1991 मध्ये डॉसची पाचवी आवृत्ती आली. तिच्यात डॉसलाच त्या भिंतीपलीकडं नेऊन बसवायची सोय होती. कॉन्फिग नावाच्या फाईलमध्ये दोन-तीन ओळी लिहिल्या, की चाळीसेक केबी मोकळी होत. चाळीस केबी! पण त्या काळी तेवढ्यावर एखादा प्रोग्रॅम चालणार की नाही, हे ठरत असे. माऊसचा ड्रायव्हर आधी चढवायचा की नंतर, यावरूनही फरक पडायचा. मोठा नग आधी बसवला तर लहान नग उरलेल्या फटीत बसतात. ट्रंक भरणाऱ्या कुणालाही हे ठाऊक असतं. संगणक दुरुस्त करणारे त्या काळात अशा ओळी वहीत टिपून ठेवत आणि एकमेकांना देत.

यात मराठीचं काय होत होतं, ते आता सांगतो. इंग्रजीची सारी अक्षरं, आकडे आणि चिन्हं धरून 95 होतात. पडद्यावर प्रत्येकाला आठ गुणिले आठ ठिपक्यांची चौकट दिली, तर अख्ख्या लिपीला 760 घरं पुरतात. आपली देवनागरी त्या चौकटीत बसत नाही. वर वेलांटी, खाली उकार, त्यात जोडाक्षरं. सोळा गुणिले सोळा ठिपके आणि चारशे आकृत्या धरल्या, तर तेरा हजारांच्या आसपास घरं लागतात. 640 केबीला आधीच दाटीवाटी झालेली. त्यात मराठीला जागा द्यायची कुणी?

याचं उत्तर कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेल्या आणि पुढं पुण्याच्या सी-डॅकनं वाढवलेल्या जिस्ट तंत्रज्ञानानं दिलं. सी-डॅकची स्थापना 1988 ची. जिस्टचं एक कार्ड संगणकात बसवलं, की भारतीय लिप्यांतली अक्षरं रेखाटायचं काम त्या कार्डावर होई. म्हणजे मराठी पाहुणी आपली पथारी आणि शिधा बरोबर घेऊन आली. यजमानाच्या घरात तिनं जागा अडवली नाही. इंग्रजीसाठी लिहिलेले कितीतरी डॉसचे प्रोग्रॅम या कार्डामुळं मराठी दाखवू लागले.

मजकूर साठवण्यासाठी इस्की नावाचं प्रमाण ठरलं. 1991 मध्ये भारतीय मानक ब्यूरोनं ते स्वीकारलं. त्यात एका वर्णाला एकच घर लागे. 'मलकापूर' लिहून बघा. म, ल, क, काना, प, दीर्घ उकार, र, सात घरं. हेच नाव इंग्रजीत लिहिलं तर आठ. मराठी लिहिणं जागेच्या हिशेबात महाग होतं असा जो समज आहे, तो साठवणुकीपुरता तरी खोटा आहे. जागा लागत होती ती दाखवायला.

विंडोज आल्यावर चित्र पालटलं. अक्षरांच्या आकृत्या फॉन्टमध्ये गेल्या, कार्डाची गरज उरली नाही. पण प्रत्येक मराठी सॉफ्टवेअरनं आपापल्या आकृत्या आपापल्या क्रमांकांवर बसवल्या. एका कंपनीच्या फॉन्टमध्ये ज्या घरात 'क' राहतो, त्याच घरात दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टमध्ये भलतंच कुणी. पत्ता तोच, माणूस वेगळा. हे मला पुढं फार महागात पडायचं होतं.

माझ्या 8 एमबीत विंडोज 95 चालत होतं, कारण त्याची किमान अट 4 एमबीची होती. पण चालणं आणि धावणं यात फरक असतो. मराठीचा प्रोग्रॅम उघडला आणि जोडीला आणखी एखादा, की डिस्कचा लाल दिवा लागे तो विझतच नसे. आतून खरखर आवाज. पडद्यावरचा बाण थिजलेला. हे काय होतं, ते बऱ्याच वर्षांनी वाचनात आलं. पीटर डेनिंग या अमेरिकन शास्त्रज्ञानं 1968 मध्येच त्याची मांडणी केली होती. चालू कामाला एका वेळी जेवढा मजकूर सतत हाताशी लागतो, तेवढी मेमरी मिळाली तर काम सुरळीत चालतं. तेवढीही मिळाली नाही, तर यंत्र एक तुकडा आत आणण्यासाठी दुसरा बाहेर टाकतं, आणि लगेच तो बाहेर टाकलेलाच हवा असतो. सगळा वेळ ने-आण करण्यात जातो. दळण होतच नाही.

या आजारावर आम्ही जे उपाय करायचो, ते आज हसू येईल असे होते, पण होते शास्त्रशुद्ध. पडद्यामागचं चित्र काढून टाकायचं. रंग कमी करायचे. सुरू होताना आपोआप चढणारे प्रोग्रॅम बंद करायचे. नको असलेले फॉन्ट काढायचे. डिस्कवर भरपूर जागा मोकळी ठेवायची आणि स्वॅप फाईलचा आकार एकदाच ठरवून द्यायचा, म्हणजे ती विखरून पडत नाही. एका वेळी एकच काम उघडायचं. आणि यंत्र सुरूच झालं नाही, तर झाकण उघडून रॅमची पट्टी काढायची, तिचे पिवळे दात शाळेतल्या खोडरबरानं घासायचे आणि परत बसवायची. हा खोडरबरचा इलाज दुरुस्तीच्या दुकानांत आजही चालतो, कारण दातांवर चढलेला मळ त्यानं खरोखरच निघतो.

अम्माच्या ओव्यांसाठी मी एक नियम केला. वीस ओव्यांची एक फाईल, आणि प्रत्येक ओवीनंतर सेव्ह. मूठभर वैरण, मग पुढची मूठ.

मेमरीबद्दलची माझी समज पक्की झाली ती मात्र संगणकाकडून नव्हे, आमच्या नळाकडून. मलकापुरात 2009 च्या सुमारास चोवीस तास पाण्याची योजना सुरू झाली. घरोघर मीटर बसले आणि जो जास्त वापरेल त्याला दर जास्त. त्याआधी पाणी वेळेवर यायचं, म्हणून हंडे, कळशा, पिंपं, बादल्या सगळं भरून ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी ताजं पाणी आलं की शिळं ओतून द्यायचं. नळ कायम चालू राहील म्हटल्यावर पुष्कळांना वाटलं, आता पाण्याची उधळण होणार. पण लागेल तेव्हा मिळतंय म्हटल्यावर साठा करण्याचं कारणच उरलं नाही. अॅटलसनं मेमरीच्या बाबतीत हेच केलं होतं. सगळा प्रोग्रॅम आधीच आत भरून ठेवायचा नाही; ज्या पानाची गरज पडेल, ते पान तेव्हा आणायचं. साठेबाजी थांबली, की तीच मेमरी जास्त लोकांना पुरते. मात्र मीटर हवा. कोण किती वापरतंय, ते दिसायला हवं.

नंतर मेमरी स्वस्त होत गेली. 2001 च्या विंडोज एक्सपीनं किमान 64 एमबी मागितली; 2021 च्या विंडोज 11 नं 4 जीबी. मधे 32 बिटांच्या पत्त्याची 4 जीबीची भिंत येऊन गेली आणि 64 बिटांच्या प्रोसेसरांनी ती ओलांडली. मेमरी मुबलक झाली आणि आमच्या पिढीची काटकसर विस्मरणात गेली. पण ती वाया गेली नाही. न लागणारा मजकूर घडी घालून मेमरीतच लहान जागेत ठेवायची सोय 2014 मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आणि 2015 मध्ये विंडोज 10 मध्ये आली. ट्रंकेत कपडे दाबून भरण्याचीच ही रीत.

आता पुन्हा तोच विषय दारात आला आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नियमित आधार संपला. नव्या आवृत्तीच्या अटींत न बसणारे कितीतरी चालते संगणक घराघरांत आणि शाळांत आहेत. त्यातच 2025 च्या उत्तरार्धापासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठाल्या केंद्रांची मागणी वाढल्यामुळं जगभर मेमरीचे भाव चढले. अशा वेळी जुना संगणक लगेच मोडीत काढू नये. टास्क मॅनेजर उघडून मीटर बघावा. ब्राउझरच्या उघड्या टॅब हीच आजची भरून ठेवलेली पिंपं आहेत. ती रिकामी करावीत. आपोआप चढणारे प्रोग्रॅम बंद करावेत. हलक्या वजनाचं लिनक्स बसवलं, तर 2 जीबीच्या यंत्रावरही मराठी टाइप करणं, हिशेब ठेवणं, मुलांचा अभ्यास ही कामं होतात.

आणि तरीही मोडीत काढायचाच असेल, तर आधी आत काय आहे ते बघावं. हे मी अनुभवानं सांगतो. अम्मा गेली. ओव्यांच्या फाईली डिस्कवर होत्या आणि फ्लॉपीवरही. फ्लॉप्यांना पावसाळ्यात बुरशी आली. डिस्क वाचली. पण नव्या संगणकावर फाईल उघडली, तर पडद्यावर नुसती परकी चिन्हं. तो फॉन्ट आता कुठं चालत नव्हता. पत्ते होते, त्या घरांतली माणसं बदलली होती. एका तरुण मित्रानं तो मजकूर युनिकोडमध्ये आणून दिला. युनिकोडमध्ये प्रत्येक वर्णाचा जगभर एकच पत्ता असतो. 'मलकापूर'ला आता सात घरांऐवजी नेहमीच्या साठवणीत एकवीस घरं लागतात. लागू देत. ती घरं कधी परक्याची होणार नाहीत.

तरी चुका उरल्याच. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होई आणि रफार नंतर; युनिकोडमध्ये नेमकं उलट. शेकडो ठिकाणी वेलांट्या शेजारच्या अक्षराला जाऊन चिकटल्या होत्या. शेवटी मी मोठ्या बहिणीला समोर बसवलं. मी वाचायचो आणि आपा मान हलवायची, किंवा म्हणायची, "न्हाई, अम्मा असं म्हणत नव्हती." चार संध्याकाळी गेल्या. मशीनला जे ध्यानात ठेवता आलं नव्हतं, त्यातल्या दोन ओव्या आपाला आठवत होत्या. त्या संध्याकाळी लाईट गेली तेव्हा तीही तिथंच भाकऱ्या थापत बसली होती, हे मी विसरून गेलो होतो.

1985 ते 2005 या वीस वर्षांत मराठी माणसानं संगणकावर जे लिहिलं, त्यातलं किती तरी असंच जुन्या फॉन्टमध्ये अडकून पडलेलं असणार. लग्नपत्रिका, गावांचे इतिहास, शाळांची हस्तलिखितं, कुणाच्या आजोबांच्या आठवणी. तेव्हा ईद असो की दिवाळी, साफसफाईत जुना संगणक भंगारवाल्याला देण्याआधी एकदा सुरू करून बघा. सुरू नाही झाला, तर रॅमची पट्टी काढून खोडरबरानं घासा. आणि फाईल उघडली की ती ज्याला वाचून दाखवता येईल असं माणूस घरात आहे तोवरच वाचून घ्या.